सावकारांच्या तसबिरीचे डोळे

तो माणूस मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारपणी मला त्याचा पुळका आला आहे असा कुणाचा समज होणार नाही. तो उर्मट होता. तंबाखू खाऊन ड्रॉईंग हॉलच्या खिडकीतून खाली शाळेच्या बागेत थुंकत असे. मुलाच्या कागदावर रेघ चुकली तर ती रबराने न खोडता अंगठ्याने अशी फरफटून टाके, की तो कागद पुन्हा वापरताच येऊ नये. आयुष्यात मला जेवढे अपमान गिळावे लागले त्यातले निम्मे त्या एकट्याने केले. तो मेला तेव्हा मी त्याच्या अंत्ययात्रेला गेलो नाही, आणि त्याचे मला दुःखही नाही.

तरीही त्याच्याविषयी सोलापुरात जे बोलले जाते ते खोटे आहे. ते खोटे आहे हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे, आणि ते खोटे माझ्यामुळे आहे.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा एक पुस्तिका काढली. शाळेच्या हॉलमध्ये जुन्या देणगीदार सावकारांची जी मोठी तसबीर आहे, तिच्याविषयी त्यात लिहिले आहे की चेहरा बरा साधला असला, तरी डोळ्यांत जीव आणणे त्या पेंटरला जमले नाही. त्याच पुस्तिकेत माझाही फोटो आहे. खाली माझ्या सेवेचे आणि शिस्तीचे कौतुक आहे. कौतुक करणारे माझेच विद्यार्थी आहेत. त्यांचा दोष नाही. त्यांना मीच तसे शिकवले. वर्गात डोळे कसे काढू नयेत हे सांगायचे झाले, की मी मुलांना हॉलमध्ये नेऊन ती तसबीर दाखवीत असे.

मी सोलापुरात आलो तेव्हा मूकपटांचे दिवस होते. गाव गिरणीच्या भोंग्यावर उठायचे आणि भोंग्यावर जेवायचे. मुंबईच्या कलाशाळेतून ड्रॉईंगमास्तरांची परीक्षा मी पहिल्या वर्गात पास झालो होतो आणि ते प्रमाणपत्र काच लावून खोलीत टांगले होते. तो त्याच कलाशाळेतून मध्येच बाहेर पडलेला. का, ते त्याने कधी सांगितले नाही. मूळचा अक्कलकोटकडच्या एका खेड्यातला. पुढे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत तो गावोगाव हिंडला आणि शेवटी सोलापुरात येऊन टेकला. गावात त्याला सगळे पेंटर म्हणत, शाळेतही पेंटरच. शाळेत तो हंगामी ड्रॉईंगमास्तर होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी प्रमाणपत्र असलेला मास्तर ठेवा असा शेरा मारला, म्हणून मला घेतले. पण कायमची जागा एकच होती. हेडमास्तरांनी आम्हा दोघांना समोर उभे केले आणि सांगितले, "सध्या दोघेही राहा. कमिटी ज्याला म्हणेल त्याला कायम करू."

बाहेर व्हरांड्यात येताच तो मला म्हणाला, "काय रं, परमानपत्र काचंत घातलंयस म्हनं. वास येऊ नये म्हनून व्हय?"

त्या दिवसापासून त्याने मला 'सर्टिफिकेट' हे नाव ठेवले. शिक्षकांच्या खोलीत, मुलांसमोर, रस्त्यात, सगळीकडे. "सर्टिफिकेट आलं का?" "सर्टिफिकेटनं च्या घेतला का?" बाकीचे मास्तर हसत. काही दिवसांनी तेही म्हणू लागले.

एकदा मी सहावीच्या वर्गात फळ्यावर तांब्या काढीत होतो. तांब्याचे तोंड समोरून पाहिले तर चपटे दिसते, ती कड काढणे अवघड असते. मी दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढली होती. तेवढ्यात तो दारातून आत आला. त्याचा तास नव्हता. तोंडात तंबाखूचा बार होता, म्हणून मान वर करून बोलला, "पोरानू, ह्या तांब्यात पानी ऱ्हाईल का रं?"

पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "न्हाई, सांडंल."

"का सांडंल?"

"तोंड वाकडं हाय."

वर्ग हसला. पेंटरने माझ्या हातातून खडू घेतला, मागितलाही नाही, आणि कोपर न टेकता एका फटक्यात कड काढली. "आता भरा," म्हणाला, आणि खडू माझ्या हातात न देता टेबलावर टाकून निघून गेला. रेघ बरोबर होती. त्या वर्गाला मला पुढे वर्षभर शिकवायचे होते, आणि वर्षभर कुठलेही भांडे काढले की मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच "सांडंल" म्हणायचे.

आता तसबिरीकडे वळतो.

त्या काळी गावातली मोठी माणसे जिवंतपणी फोटो काढून घ्यायला तयार नसत. फोटोने आयुष्य कमी होते असे त्यांना वाटे. म्हणून फोटोग्राफरला बोलावणे यायचे ते माणूस गेल्यावर. लिंगायतांच्या घरी गेलेल्या माणसाला आडवे ठेवत नाहीत. न्हाऊ घालून, कपाळाला विभूती लावून, पाठीला आधार देऊन मांडी घालून बसवतात. त्यामुळे त्यांच्याकडचा फोटो बसलेल्या माणसाचा मिळे, फक्त डोळे मिटलेले असत. मग तो फोटो पेंटरकडे जाई. पेंटर त्यावरून ऑईल कलरमध्ये मोठी तसबीर काढी. गळ्यातले हार काढून टाकी, खांदे सरळ करी, फेटा नीट बसवी आणि डोळे उघडी. त्यांच्या धंद्यात शब्दच तसा होता: डोळे उघडणे. त्यासाठी घरातल्या जवळच्या माणसाला समोर बसवून त्याचे डोळे घेत. अप्पांना, म्हणजे गेलेल्या वडिलांना, कुणाचे डोळे लागले, हा घरात मोठा मान समजला जाई. त्यावरून भावाभावांत अबोले झालेले मी पाहिले आहेत.

आमच्या शाळेचा हॉल ज्या लिंगायत सावकारांच्या देणगीतून झाला ते थोरले सावकार वारले, तेव्हा त्यांच्या घराने तसबीर करून शाळेला द्यायचे ठरवले. काम अर्थातच पेंटरकडे गेले. डोळ्यांसाठी दोन्ही मुले अडून बसली होती. थोरल्याचे चालले. हाच थोरला मुलगा वडिलांच्या जागी शाळेच्या कमिटीवर आला होता. तो पेंटरकडे जाऊन बसू लागला आणि कापडपेठेतल्या आपल्या पेढीवर येईल त्याला सांगू लागला, "अप्पांना माझे डोळे लागतायत."

तसबीर कुठवर आली हे पाहून यायला हेडमास्तरांनी मला पाठवले. पेंटरची खोली साखर पेठेत विणकरांच्या गल्लीत होती. दोन्ही बाजूंना तेलुगू लोकांचे माग होते, दिवसभर खटखट चालू. दारात एक टांगा उभा होता. आत गेलो तर स्टुलावर सावकारांचा मुलगा नव्हता. स्टेशनवर उभा राहणारा, दाढीला मेंदी लावणारा मुसलमान टांगेवाला बसला होता. त्याच्या टांग्यातून मीही कधी कधी आलो-गेलो होतो.

"पेंटरसाब," तो कुरकुरत होता, "मेरे घोडे कू पानी कौन पिलाता, तुम?"

"घोडा दारातच हाय की. मरतंय व्हय? तिकडं बघ. लांब. ठेसनातनं गिऱ्हाईक येतंय असं बघ."

"गिऱ्हाईक आता तो मैं हँसता साब. ये दीवार देख के कैसा हँसूं?"

"हसू नगंस. हसायच्या आदी थांब. आं. तितंच. हलू नगं."

मी कॅनव्हास पाहिला. इतकी वर्षे मी त्या क्षणाविषयी स्वतःशीही खोटे बोललो, पण आता खरे लिहितो. मला हेवा वाटला नाही. हेवा वाटायला माणूस आपल्या बरोबरीचा लागतो. मला भीती वाटली. कॅनव्हासमधून थोरले सावकार माझ्याकडे पाहात होते, आणि मी काय मागायला आलो आहे हे त्यांना आधीच कळले होते.

"हे मुलाचे डोळे नाहीत," मी म्हणालो.

"न्हाईत." पेंटरने मान वळवली नाही. "त्येचं डोळं मेलेल्या माशाचं हायती. लई बसवला त्येला हितं. आत काय न्हाईच तर काढू काय? बाप असा न्हवता. मी बघितलाय बाप पेढीवर. हसायच्या आदी थांबायचा आन् गिऱ्हाईक निम्म्यावर यायचं. ह्यो बाबा बी तसाच थांबतोय, बघ."

टांगेवाला खूश होऊन हसला. "हसू नगं म्हनलं न्हवं!" पेंटर त्याच्यावर ओरडला.

"मुलाला कळलं तर?" मी विचारले.

तेव्हा त्याने ब्रश खाली घेतला आणि प्रथमच माझ्याकडे पाहिले. "कोन सांगंल? तू सांगशील." मग पुन्हा कॅनव्हासकडे वळत म्हणाला, "सांग की. तुला तेवढंच जमंल."

मी लगेच सांगितले नाही. त्या एका वाक्यामुळेच सांगितले नाही.

अनावरणाला हॉल भरला होता. बायका डाव्या बाजूला बसल्या होत्या. पडदा ओढला तेव्हा थोरल्या सावकारांची पत्नी, तिला सगळे अव्वा म्हणत, पुढून तसबिरीकडे आली. तिचे लक्ष वर गेले मात्र, तिने डोक्यावरचा पदर झटकन कपाळावर ओढला आणि एक पाऊल मागे सरून भिंतीला लागून उभी राहिली. नवरा समोर आला की बाई जशी बाजूला होते तशी. "बंद्रू," ती पुटपुटली. आले, असा त्या कानडी शब्दाचा अर्थ. मग मुलगा मोठ्याने म्हणाला, "डोळे माझे घेतलेत!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेंटर दाराजवळ तंबाखू चोळीत उभा होता. तो मुलाकडे पाहात नव्हता, लोकांकडेही नाही. म्हातारीच्या पदराकडे पाहात होता. त्याच्या तोंडावर जे समाधान होते ते माझ्याच्याने बघवले नाही.

त्याच आठवड्यात कळले की कमिटीतल्या लोकांनी हेडमास्तरांना सांगितले आहे, प्रमाणपत्राचे आम्ही साहेबांकडून पाहून घेऊ, पेंटरला कायम करा.

मी मंगळवारी सावकारांच्या पेढीवर गेलो. पुढे लोक म्हणाले की मास्तर सरळ माणूस, बोलता बोलता तोंडातून निसटले. निसटले नाही. मंगळवार बाजाराचा दिवस, त्या दिवशी खेड्यापाड्यातून माणसे येतात आणि पेढीवर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून मी मंगळवार निवडला. पेढी कापडाची, पण मला धोतरही घ्यायचे नव्हते.

"या मास्तर," मुलगा गादीवरून म्हणाला. "लोक काय म्हणतात? अप्पा माझ्याच डोळ्यांनी बघतात म्हणे."

मी गादीवर पडलेल्या एका धोतराचा पोत दोन बोटांत चाचपला आणि वर न बघता म्हणालो, "तुमच्या नव्हे हो. स्टेशनवरच्या मेंदीवाल्या टांगेवाल्याच्या. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं मला."

मग मागून एक शेतकरी म्हणाला, "मंजी थोरलं सावकार आता ठेसनावर सवारी बघत बसलं म्हना की!" आणि सगळी पेढी हसली. हसू बाहेर ओट्यापर्यंत गेले, तिथून पुन्हा आत आले.

मुलगा हसण्यापुरता हसला. हसणे ओसरल्यावर त्याने माझ्याकडे वाकून हळू विचारले, "पण का? मी बसलो होतो की."

"तुमचे डोळे माशासारखे आहेत, म्हणाला."

"माशासारखे?"

"मेलेल्या माशासारखे," मी म्हणालो. तेवढा एक शब्द मी विसरलो असतो तरी माझे काम झाले असते.

टांगेवाल्याला दुसऱ्या दिवशी सावकारांच्या माणसांनी स्टेशनबाहेर मारले. त्यानेच गावभर फुशारकी मारली असे त्यांना वाटले. त्याने कुणालाही सांगितले नव्हते. तो नंतर स्टेशनवर दिसला नाही.

तसबीर हॉलमधून उतरवून हेडमास्तरांच्या खोलीत आणली. मुलगा खुर्चीवर, हेडमास्तर टेबलामागे, पेंटर उभा. मलाही बोलावले होते. का बोलावले ते मला कळले होते आणि पेंटरलाही.

"डोळे बदला," हेडमास्तर म्हणाले.

"काय वाईट हाय त्यात?"

"ते माझे वडील आहेत!" मुलगा ओरडला. "टांगेवाल्याचे डोळे घालतोस त्यांना?"

"आईनं वळखलं की तुमच्या. त्यास्नी इचारा."

"आईचं नाव घेऊ नकोस!"

"मग तुमी बी बापाचं घेऊ नगासा. मी दोगास्नी बी तुमच्यापरीस जास्ती बघितलंय." हे खोटे होते. त्याने म्हातारीला तेवढे एकदाच पाहिले होते. पण त्याला बोलण्यात कुणापुढे कमी पडायचे नव्हते. हाच त्याचा स्वभाव, आणि याच स्वभावाने त्याने आपला घात करून घेतला. थोडा नमला असता, दोन दिवस वेळ मागितला असता, तर म्हातारीनेच त्याला वाचवले असते. मी माझा अपराध लिहितो आहे, पण त्याचा त्यालाही असू द्या.

हेडमास्तर म्हणाले, "कायमची जागा हवी असेल तर डोळे बदलावे लागतील. सरळ विचारतो, बदलतोस का?"

"डोळं बदलायचं न्हाईत. हाय तशी ऱ्हाऊ द्या, न्हाईतर मला परत द्या, मी घिऊन जातो."

"ती आता शाळेची आहे."

पेंटरने तसबिरीकडे पाहिले. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "ह्या सर्टिफिकेटला सांगा. त्यो करंल." आणि गेला. नंतर कित्येक वर्षे शाळेत त्याने पाऊल टाकले नाही. ड्रॉईंग हॉलमध्ये त्याचे ब्रश राहिले होते. शिपायामार्फत पाठवले, तर त्याने ते परत पाठवून दिले. ते मी वापरले.

ब्रश चांगले होते.

मुलगा माझ्यासमोर बसायला येऊ लागला. पेंटरने तसबिरीवर राळेचे वार्निश दिलेले होते. अशा चित्रावर नव्याने काम करायचे तर आधी त्या जागेचे वार्निश काढावे लागते, नाहीतर नवा रंग खालच्या रंगाला धरत नाही, नुसता वर बसतो. हे मला मुंबईत शिकवले होते. मी वार्निश काढले नाही. मी ते आदराने टाळले असे कुणी समजू नये. वार्निश काढताना त्याचे डोळे बिघडले आणि माझेही साधले नाहीत तर काय, या भीतीने टाळले. वरून काढले तर चुकल्यास पुसता येईल असा हिशेब होता. चुकले, पण पुसले नाहीत, कारण मुलाला ते पसंत पडले. दोन काळी बटणे शिवल्यासारखे डोळे. "आता बरोबर," तो म्हणाला. मी मुलाचेच डोळे काढले होते. त्याबाबतीत पेंटरचे म्हणणे खरे होते; त्यात काढण्यासारखे काही नव्हते.

हेडमास्तरांनी सांगितले, खाली कोपऱ्यात पेंटरची सही आहे ती पुसून टाका. मी हो म्हणालो. तारपिनात बुडवलेला कापूस हातात होता, सही अगदी कडेला होती, क्षणाचे काम. मी कापूस टाकून दिला. मला वाटले, हे डोळे त्याच्याच नावावर राहू देत. येणारे-जाणारे सगळे सही वाचतील आणि वर पाहतील.

या कामाबद्दल मला कायम केले.

तसबीर हॉलमध्ये परत लागली आणि शाळेच्या पुढच्या समारंभाला अव्वा पुन्हा आली. मी तसबिरीपासून लांब उभा होतो, पण तिच्याकडे पाहिल्याशिवाय राहवले नाही. ती वर बघत उभी राहिली. पदर जिथे होता तिथेच राहिला. "इवरु यारु?" तिने मुलाला विचारले. हे कोण? मुलगा म्हणाला, "अव्वा, अप्पा की!" ती खाली बघत बाहेर गेली आणि समारंभाला बसली नाही.

पुढे बोलपट आले, नाटक कंपन्या बुडाल्या आणि पेंटरचे पडद्यांचे काम गेले. तसबिरींवर तो निभावला असता. पण गावात तसबीर करायची तर नमुना पाहायला लोक आमच्या हॉलमध्ये येत. येत, सही वाचत, डोळे पाहात आणि दुसऱ्या कुणाकडे जात. मी ते होताना पाहिले. एकदा एका घरच्या दोन भावांनी मला हॉलमध्येच विचारले, "मास्तर, हाच पेंटर का? मेलेल्या डोळ्यांचा?" मी म्हणालो, "सही तर त्याचीच आहे." अगदी असेच म्हणालो.

त्यानंतर तो सिनेमाच्या पाट्या आणि सोडावॉटरच्या दुकानांचे बोर्ड रंगवू लागला. असाच एकदा मंगळवार पेठेत मी चाललो असताना तो शिडीवर चढून एका दुकानाचा बोर्ड रंगवताना दिसला. मी दुसऱ्या बाजूने निघालो होतो.

"काय सर्टिफिकेट!" त्याने वरूनच हाक मारली. केस पिकले होते, आवाज तोच. "नाटकाचा पडदा लावाय बोलावलं हुतं तुज्या हॉलात दुसऱ्यांनी. बघून आलो. तुजं डोळं."

रस्त्यात लोक थांबले होते.

"वाईट काडलंयस म्हनून काय न्हाई," तो म्हणाला. "वाईटच काडनार हुतास. पर सही तरी पुसायची हुतीस."

"विसरलो," मी म्हणालो.

तो बोर्डावरचे अक्षर भरत राहिला. ते पुरे करून मग म्हणाला, "तू काय इसरत न्हाईस." आणि ब्रश डब्यात बुडवला. माझ्याशी त्याचे एवढेच शेवटचे बोलणे.

तो त्याच साखर पेठेतल्या खोलीत मेला. मी निवृत्त झालो, सत्कार झाले. ते सगळे पुस्तिकेत आहे.

पुस्तिका हातात आली त्यानंतर मी एके दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी हॉलमध्ये गेलो. शिपाई ओळखीचा, त्याने स्टूल दिले. मी स्पिरिट, तारपीन आणि कापूस नेला होता. राळेचे वार्निश किती वर्षे झाली तरी विरघळते. मी चित्रातल्या उजव्या डोळ्यावर कापूस फिरवला. माझे काळे बटण आधी मऊ झाले, मग कापसावर आले. खालचा तपकिरी रंग दिसताच थांबलो. मग मागे सरून पाहावे म्हणून स्टुलावरून खाली उतरलो आणि पाहिले नाही. खाली मान घालून स्टुलाला धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांनी थोरले सावकार माझ्याकडे एका डोळ्याने पाहात होते, आणि मी काय मागायला आलो आहे हे त्यांना कळले होते.

डावा डोळा करायला पुन्हा वर चढलो तेव्हा आताचे हेडमास्तर आले. ते माझेच विद्यार्थी. "सर! काय केलंत हे!" म्हणून त्यांनी माझा हात धरला. मी सांगू लागलो, पण सर वयोमानाने भ्रमिष्ट झाले असे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट दिसले. मला रिक्षात बसवून घरी पाठवले. हॉलमध्ये एकट्याने जाऊ देऊ नये असे शिपायाला सांगितले आहे म्हणतात. आता तसबिरीला चादर गुंडाळली आहे आणि बाहेरून एका चित्रकाराला बोलावले आहे. सरांनी बिघडवलेला उजवा डोळा तो डाव्यासारखा करून देणार आहे.

तेवढ्यासाठी मी हे लिहिले. नाहीतर मी गप्पच मेलो असतो. इतकी वर्षे गप्प होतो, आणखी थोडी जड गेली नसती.

उजवा डोळा बिघडलेला नाही. तोच एक खरा आहे आणि तो त्या पेंटरने काढला. बिघडलेला डावा आहे, तो मी काढला. येणाऱ्या चित्रकाराने रंगाला हात लावू नये, कापूस घ्यावा, स्पिरिटमध्ये निम्मे तारपीन घालावे, डोळ्याच्या कोपऱ्यापासून आत यावे आणि खालचे तपकिरी दिसले की थांबावे. हात मात्र पेंटरने वाईटच काढले आहेत, बोटे गाजरासारखी झाली आहेत. हातांकडे त्याचे कधीच लक्ष नसे. ते कुणी दुरुस्त केले तर माझी हरकत नाही.

खालच्या कोपऱ्यातली सही तेवढी तशीच राहू द्या.